न कापलेला हप्ता

माझ्या बायकोच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन विम्याच्या पैशांतून झालं, असं ती समजते. ते खोटं आहे. विम्याचा एक रुपयाही आलेला नाही. शिवाय ते ऑपरेशन दोन वर्षं आधी होऊ शकलं असतं. ते मी होऊ दिलं नाही. या दोन्ही गोष्टी मी आजवर कुणाला सांगितलेल्या नाहीत. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला नाही, मेहुण्याला नाही, आणि जिचा गुडघा, तिला तर नाहीच.

मी मुळात कमी बोलणारा. बँकेत असताना लोक मला तुसडा समजायचे. कमी बोलणाऱ्याचा एक फायदा असतो, तो गप्प बसला तर कुणाला संशय येत नाही. या फायद्यावर मी बरीच वर्षं काढली.

आधी हप्त्याचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. नोकरीत असेपर्यंत आरोग्यविम्याचा हप्ता ही चीज मला कधी दिसलीच नव्हती. तो बँक भरायची. आजारी पडलो तर कार्ड दाखवायचं, संपलं. स्वेच्छानिवृत्ती घेतली, पेन्शन सुरू झाली, आणि पेन्शनबरोबर हप्ताही आपला झाला. म्हणजे रांगेत उभं राहून भरायचा नसतो. वर्षातून एकदा संमती द्यायची, मग ठरलेल्या सुमारास तो पेन्शनच्या खात्यातून आपोआप कापला जातो, नवरा-बायकोचा मिळून एक. त्या दिवशी खात्यात तेवढे पैसे असायला हवेत, एवढीच अट. नसले, तर आणखी थोडी मुदत देतात. त्या मुदतीतही भरले नाहीत, तर तुम्ही योजनेच्या बाहेर. एकदा बाहेर गेलेल्याला परत आत घेत नाहीत, मग तो कितीही रडो. आमच्याकडे हे सगळं नोव्हेंबरात येतं. हयातीचा दाखलाही त्याच महिन्यात द्यायचा असतो. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं, आणि लगेच आजारी पडण्याची सोय करून ठेवायची, असा तो महिना.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सिडकोतल्या माझ्या शेवटच्या शाखेत पेन्शनरांचं टेबल माझ्याकडेच होतं. शेकड्यांनी माणसांना मी हे समजावलंय. "काका, नोव्हेंबरात खातं रिकामं ठेवू नका," हे वाक्य मी झोपेतही म्हणत असेन. कुणाचा हप्ता राहिला आणि तो हात जोडत आला, की मी म्हणायचो, "नियम आहे, माझ्या हातात काही नाही." ते खरंही होतं. पण हे म्हणताना मला थोडं बरं वाटायचं, तेही आज लिहून टाकतो. नियम पाळणाऱ्याला न पाळणारा समोर दिसला की जे बरं वाटतं, ते.

आता खोडीचं. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला बचत खात्यात पडलेले पैसे बघवत नाहीत. ही खोड मला लासलगावच्या शाखेत लागली. कांद्याचे व्यापारी संध्याकाळी लिलाव आटोपून यायचे. त्यातला एक रोज खात्यात किती उरलं ते विचारायचा, आणि काही उरलेलं दिसलं की घरी आलेला पाहुणा उपाशी झोपल्यासारखा कळवळायचा. मी हसायचो त्याला. पण पुढं माझंही तेच झालं. पेन्शन आली की घरखर्चापुरतं ठेवून बाकी सगळं एफडीत. लहान-लहान एफडी, वेगवेगळ्या मुदतीच्या, ओळीने लावलेल्या रोपांसारख्या. बायको म्हणायची, "तुमच्या खात्यात मुंगी शिरली तर उपाशी मरेल."

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच नोव्हेंबरात परिपत्रक आलं, की हप्ता महिनाअखेरीस कापला जाईल. हप्ता एका महिन्याच्या पेन्शनपेक्षा थोडा जास्तच होता. पेन्शन महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी जमा होते. मग मी हिशेब केला. हप्ता आणि पेन्शन यांतला जो फरक, तेवढाच खात्यात ठेवायचा, वर शंभरेक रुपये. पेन्शन आली की दोन्ही मिळून हप्ता पुरा होतो. बाकीचे पैसे मी एफडीत टाकले, कारण व्याजदर पाव टक्क्याने खाली येणार अशी बोलवा होती. एक दिवससुद्धा पैसा रिकामा बसणार नव्हता. असा हिशेब इतर कुणाला सुचला नसेल, याचा मला मनातून अभिमान वाटत होता.

हप्ता पेन्शनच्या आदल्या दिवशी मागायला आला. खात्यात फरक तेवढा होता. तो निघून गेला.

दोन-तीन दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. आपला हप्ता कापता आला नाही, अमुक तारखेच्या आत खालच्या लिंकवर भरा, नाहीतर विमा संपेल. आम्ही दोघं तेव्हा स्वयंपाकघरात होतो. बायको मटार सोलत होती.

"काय हो, कुणाचं?"

"चोर आहेत. विम्याचा हप्ता राहिला म्हणे. लिंक दाबली की खातं साफ."

"तुमच्या खात्यात काय साफ करणार ते?" ती म्हणाली. "झाडू मारून जातील फार तर."

आम्ही दोघंही हसलो. मी मेसेज पुसून टाकला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी लोकांना रोज सांगत आलो होतो, असल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका, लिंक दाबू नका. मी माझं ऐकलं.

दरम्यान पेन्शन जमा झाली होती. हप्ता मात्र गेला नव्हता. मला वाटलं, वरच्या ऑफिसचा कारभार, नेहमीसारखा उशीर. म्हणून तो महिनाभर मी खात्याला हात लावला नाही. पूर्ण हप्त्याइतके पैसे तिथं पडून होते आणि मी ते रोज बघून तळमळत होतो. पैसे होते तेव्हा कुणी मागायला आलं नाही. महिना उलटल्यावर फोन केला, तेव्हा कळलं की मुदत गेली आणि आम्ही दोघंही बाहेर.

विभागीय कार्यालयात गेलो. तिथला अधिकारी माझ्या मुलीच्या वयाचा. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मान हलवली आणि अगदी अदबीनं म्हणाला, "सर, तुम्हाला मी काय सांगणार? नियम तुमच्याच टेबलावरचे." चहा चांगला होता. मी तो पूर्ण प्यायलो.

त्या दिवशी घरी जाऊन सांगायचं, असं मी रिक्षात ठरवलं होतं. हे मी स्वतःच्या बाजूने म्हणत नाही, ठरवलं होतं म्हणून लिहितोय. दारात चप्पल काढतोय तोच ती समोर आली, जिन्याच्या कठड्यासारखी टेबलाची कड धरत.

"ऐका ना. वहिनी आज मला घेऊन गेली हाडाच्या डॉक्टरकडे. उजवा गुडघा गेला म्हणाले. बदलावा लागेल. डावा ठीक आहे अजून."

"बदलायचा?"

"हो. मी तर लगेच म्हटलं, कधी करायचं सांगा. वहिनीच घाबरली, खर्च किती, खर्च किती करत बसली. मी म्हटलं पैशाचं काही नाही बाई, आमचं बँकेचं आहे." मग म्हणाली, "बरं झालं हो, तुम्ही सगळं वेळच्या वेळी करता."

मी म्हणालो, "बघू."

आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ 'नाही' असा कधी होत नव्हता. त्या दिवसापासून तो तसा झाला, आणि तिला ते कळायला बराच वेळ लागला.

आता वाचणारा विचारेल, एफडी होत्या ना? होत्या. दोन-चार मोडल्या असत्या, तर त्याच महिन्यात ऑपरेशन झालं असतं. पैशाची अडचण कधीच नव्हती. पण एफडी मोडली की का मोडली ते सांगावं लागलं असतं. त्या घरात मी एकच गोष्ट चोख करायचो, कागदपत्रांची. बाकी स्वयंपाक, मुलीचं शिक्षण, नातेवाईक, आजारपणं, सगळं तिनं केलं. माझ्याकडे एवढंच होतं. ते हातचं गेलं, हे तिला कळू नये यासाठी मी तिचा गुडघा थांबवून ठेवला. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मी गुपचूप बाहेरची एक नवी पॉलिसी काढली. त्यात अशी अट होती की सांधा बदलायचं ऑपरेशन पहिल्या दोन वर्षांत केलं तर पैसे मिळणार नाहीत. आणि एक प्रश्न होता, सध्या सांधेदुखीचा त्रास आहे का? मी 'नाही' वर टिचकी मारली. हॉलमधून तिच्या चालण्याचा आवाज येत होता. एक पाऊल नीट पडायचं, दुसरं ओढल्यासारखं.

मग दोन वर्षं मी ऑपरेशनच्या विरुद्ध प्रचार केला. मी किती बोलू शकतो, हे मला तेव्हा कळलं. सांधा बदलणं हा शेवटचा उपाय, असं मी सांगू लागलो. त्र्यंबक रोडच्या एका वैद्याकडून तेल आणलं. ते मी स्वतः तिला लावून द्यायचो, रोज, जेवणानंतर. व्यायाम शिकवणारी बाई लावली. गुडघ्याचे पट्टे तीन प्रकारचे आणले. बँकेतल्या कुणाच्या तरी बायकोचं ऑपरेशन कसं बिघडलं, ती कथा मी रचून सांगितली आणि पुढे मला स्वतःलाच ती खरी वाटायला लागली. सोसायटीतल्या बायका हिला म्हणायच्या, "नशीबवान आहात. आमचे हे साधं विचारतसुद्धा नाहीत." ही मला येऊन ते सांगायची. वर म्हणायची, "माझ्या गुडघ्याचा एवढा पुळका तुम्हाला कधीपासून हो? लग्नानंतर तीस वर्षांनी?"

पुळका खोटा होता का? तेल लावताना तिचा गुडघा किती सुजलाय ते माझ्या हाताला कळायचं, आणि मला वाईट वाटायचं. वाईट वाटत असतानाच मी मनात मोजत असायचो, अजून किती महिने. दोन्ही एकाच हाताने चालायचं.

तिचं माहेर मखमलाबादचं. भाऊ अजून फुलं आणि भाजी करतो, गंगेवर, म्हणजे आमच्या नदीकाठच्या बाजारात नेतो. दसऱ्याच्या आधी त्यांच्या पडवीत झेंडूचा ढीग पडतो आणि घरातले सगळे खाली बसून हार ओवतात. लहानपणापासून ही त्यांच्यात सगळ्यांत जलद. लग्नानंतरही दर वर्षी जायची, आणि परत यायची तेव्हा बोटं पिवळी असायची. त्या वर्षी तिला खाली बसता येईना. भावजयीनं प्लास्टिकची खुर्ची दिली. ढीग खाली, ही वर. कुणीतरी ओंजळ भरून तिच्या मांडीत फुलं टाकायचं, ती संपली की ही वाट बघत बसायची. मी एका बाजूला उभा होतो. मेहुणा मला बाजूला घेऊन गेला.

"दाजी, ताईला लय तरास हाय. करून टाका ना आता."

"घाई नको. शेवटचा उपाय आहे तो."

"शेवटचा म्हंजे कवा? मी दोन-चार पैसे घालतो, पैशाचं काय आसंल तर…"

"पैशाचा प्रश्न नाही."

"मग कशाचा हाय?"

मी तेलाबद्दल बोलायला लागलो. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तुम्ही शिकलेले हाय, तुम्हाला कळत आसंल," आणि फुलांच्या क्रेट उचलायला गेला.

पुढच्या दसऱ्याला ती गेली नाही. "खुर्चीत बसून हार करायचे म्हणजे पाहुणी आल्यासारखं वाटतं," म्हणाली. बुधवारचा बाजारही सुटला होता तोवर. पिशवी घेऊन मी जायला लागलो. आणलेली मेथी बघून ती म्हणायची, "ही मेथी आहे की जनावराला आणलंय?" मेथी दोन वर्षं तशीच येत राहिली. खरं तर नंतर मला कळलं की सांधा बदलल्यावरही जमिनीवर मांडी घालून बसायचं नसतं. म्हणजे हार ओवणं तिचं सुटणारच होतं, मी काहीही केलं असतं तरी. हे कळल्यावर मला हायसं वाटलं. हायसं वाटलं याची लाज वाटायला आणखी काही दिवस लागले.

दोन वर्षं पुरी झाली आणि मी अचानक ऑपरेशनच्या बाजूचा झालो.

"आता करून टाकू या," मी सकाळी चहा घेताना म्हणालो.

तिनं कप खाली ठेवला. "बरे आहात ना तुम्ही? दोन वर्षं नको नको, आणि आज उठून करून टाकू?"

"आता तंत्र फार पुढं गेलंय."

"दोन वर्षांत?"

"फार पुढं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारेल. पण ती म्हणाली, "काळजी करून करून वेळ घालवला बघा तुम्ही," आणि उठून भावाला फोन लावला.

दवाखान्यात भरती करताना एक तरुण डॉक्टर माहिती लिहून घ्यायला आला. शुगर, बीपी, आधीची ऑपरेशनं. मग त्यानं विचारलं, "काकू, गुडघ्याचा त्रास कधीपासून?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडणार होतो, पण प्रश्न मला नव्हता.

"चार वर्षं तरी झाली असतील," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वीच बदला म्हणाले होते. ह्यांनी थांबवलं म्हणून थांबले. फार जपतात हो मला."

त्यानं ते सगळं लिहून घेतलं. जपतात एवढं सोडून.

दुपारी विम्याच्या खिडकीवरच्या मुलीनं मला बोलावलं. तिला वाईट वाटत होतं, आणि तिला वाईट वाटत होतं त्यामुळे मला जास्त अवघडल्यासारखं झालं. "काका, मंजूर नाही झालं. त्रास पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे आणि तुम्ही सांगितला नाही, असं म्हणतायत. तुम्ही वर तक्रार करू शकता."

"नको. त्यांचं बरोबर आहे."

तिला असं उत्तर बहुधा कुणी दिलेलं नसावं. मी म्हणालो, "आमच्या मंडळींना यातलं काही सांगू नका. पैसे मी भरतो." मग बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवरच एफडी मोडल्या. मुदतीआधी मोडल्या म्हणून व्याज कापलं गेलं. दोन वर्षं जे टाळलं, ते बाकावर बसल्या बसल्या उरकलं. पुढे थोड्या दिवसांनी ती नवी पॉलिसीही कंपनीनं रद्द केली. आज आम्हा दोघांना कुठलाही विमा नाही.

खोलीत गेलो तर ती दवाखान्याचे हिरवे कपडे घालून टेकून बसली होती.

"झालं का पास?"

"झालं."

"बघा. मी म्हणत नव्हते? बँकेचं ते बँकेचं."

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून चालवलं. डॉक्टर तपासायला आले तेव्हा त्यांनी दोन्ही पाय बघितले आणि मला बाहेर येऊन म्हणाले, "डावाही करावा लागणार. आधी तो बरा होता. पण दुखणाऱ्या पायाला वाचवायला इतका काळ सगळा भार डाव्यावर टाकला त्यांनी. उशीर झाला जरा." त्यांच्या आवाजात दोष नव्हता. कुणाला द्यायचा ते त्यांना माहीत नव्हतं.

बरी होऊन घरी आल्यावर ती विम्याची जाहिरात करत सुटली. भावजयीला, मुलीला, सोसायटीच्या बायकांना. "एक पैसा लागला नाही आम्हाला. सगळं वरच्या वर." हे फिरत फिरत आमच्या निवृत्तांच्या संघटनेपर्यंत गेलं. सचिवांचा फोन आला. मासिक सभेत नव्याने निवृत्त झालेल्यांसाठी बोलाल का? विषय, पेन्शन सुरू झाल्यावर विम्याचा हप्ता. "तुम्ही टेबल सांभाळलंय, आणि आता घरचा अनुभवही आहे. दोन्ही बाजू तुम्हाला माहीत."

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. शिवाय ही मागून म्हणत होती, "हो म्हणा, हो म्हणा."

सभेला बरीच गर्दी होती. बायको काठी टेकत आली आणि पहिल्या रांगेत बसली. मी बोललो. आयुष्यात एवढं नीट मी कधी बोललो नसेन. सांगितलं की नोकरीत असेपर्यंत बँक भरते, पेन्शन लागली की आपण. संमती दरवर्षी द्या, मागच्या वर्षीची चालेल असं धरून चालू नका. हप्त्याची पूर्ण रक्कम महिन्याच्या सुरुवातीपासून खात्यात ठेवा. येणाऱ्या पेन्शनच्या भरवशावर राहू नका, कारण हप्ता आधी येऊ शकतो. हप्ता राहिल्याचा मेसेज आला, तर लिंक दाबू नका हे बरोबर, पण पुसूनही टाकू नका. शाखेत जाऊन विचारा. एकदा बाहेर पडलात तर परत वाट नाही. आणि बाहेर नवी पॉलिसी घ्याल तर दुखणी लपवू नका. खाली लोक लिहून घेत होते.

मागून एक ज्येष्ठ सभासद उठले. मनमाडला माझे वरिष्ठ होते एके काळी. "अहो, हे सगळं ठीक. पण बँकेत जन्म गेलेला माणूस खात्यात पैसे ठेवायला विसरेल का? असा शहाणा पाहिलाय का कुणी?"

सगळे हसले. पहिल्या रांगेतून बायको जोरात म्हणाली, "आमच्या ह्यांचं खातं बघा एकदा! मुंगीसुद्धा जात नाही तिकडं!"

अजून हशा झाला. मीही हसलो. हसताना मी समोरच्या सगळ्यांकडे बघितलं, तिच्याकडे सोडून.

मग सचिवांनी "वहिनी, तुम्हीही दोन शब्द बोला" असा हिला आग्रह केला. ती उठली. तिला भाषणाची सवय नाही, पण घाबरली नाही. म्हणाली, "मी काय बोलणार. बायकांना एवढंच सांगते, गुडघा दुखतोय म्हणून रडत बसू नका, करून टाका. मी दोन वर्षं काढली. रात्री कूस बदलता यायची नाही मला. ह्यांना सांगितलं नाही कधी, आधीच एवढी काळजी करायचे, रोज तेल लावायचे. आधी केलं असतं तर बरं झालं असतं, पण असू दे. काळजीपोटीच थांबवलं ना." आणि बसली.

मला शाल आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. रिक्षात तिनं शाल स्वतःच्या मांडीवर घडी करून ठेवली आणि म्हणाली, "किती छान बोलता हो तुम्ही. घरी का नाही बोलत?"

मी पुढे झुकलो. रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

कूस बदलता येत नव्हती, हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या शेजारीच झोपायचो. माझ्या हिशेबात दिवसाचं दुखणं होतं, पायऱ्या, बाजार, दसरा. रात्रीचं तिनं एकटीनं काढलं, मला त्रास नको म्हणून. ती माझ्यापासून लपवत होती आणि मी तिच्यापासून. तिनं जे लपवलं त्यानं मला झोप मिळाली. मी जे लपवलं त्याचं काय झालं, ते वर लिहिलंय.

आता डाव्या पायाचं ठरलंय. तारीख तिनंच घेतली, उन्हाळ्याच्या आधी. परवा जेवताना म्हणाली, "विमा आहे तोवर उरकून घेऊ या. पुढचं कुणी बघितलंय?" मी म्हणालो, हो. पैसे आहेत, त्यांची अडचण याही वेळी नाही. अडचण एवढीच की या खेपेलाही तो तरुण डॉक्टर कागद घेऊन येईल, ती खरं तेच सांगेल, आणि मला पुन्हा बाहेरून येऊन 'झालं' म्हणावं लागेल. ते मला आता जमणार नाही. पहिल्यांदा जमलं होतं, हेच वाईट.

हे लिहिलेलं छापून आलं तर तिच्या वाचनात येईलच, आणि तिला ते छापलेल्यातून कळावं असं मला वाटत नाही. तोंडाने सांगायला हवं. शब्द जुळवून पाहिले. प्रत्येक वेळी वाक्य हप्त्यापासून सुरू होतं, पाव टक्क्यापासून, मेसेजपासून. तसं सुरू केलं तर ती हसेल, म्हणेल एवढंच ना, आणि मी तिथंच थांबेन. सुरुवात तिच्या त्या दोन वर्षांपासून करायला हवी.

तिचा डावा गुडघा मी देणं लागतो. उजव्याची दोन वर्षं देणं लागतो, ती देता येणार नाहीत. आणि तिला खरं सांगणं बाकी आहे. ते मी अजून केलेलं नाही.